नामाचे मुखत्यार

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत सर्वनामांचे प्रकरण नामांच्या पाठोपाठ येते, आणि ते बहुधा एका तक्त्यापासून सुरू होऊन दुसऱ्या तक्त्याशी संपते. पुरुषवाचक, स्वामित्वदर्शक, आत्मवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी, अनिश्चित, विभागवाचक, परस्परवाचक अशी नावांची ओळ, प्रत्येक नावासमोर चार-दोन शब्द, आणि तळाशी ‘सर्वनामाचा प्रकार ओळखा’ हा ठरलेला स्वाध्याय, एवढ्या सामग्रीवर आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु ज्याला ही यादी तोंडपाठ असते त्यालाच पुढे कचेरीत बसून एखादे साधे पत्र लिहिताना कर्त्याच्या जागी कोणते रूप घालावे आणि कर्माच्या जागी कोणते, याचा निर्णय करताना घाम फुटतो. आणि याचे कारण त्याच्या बुद्धीत नसून शिकवण्याच्या रीतीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रकार हा शब्दाच्या कपाळावर कायमचा मारलेला शिक्का आहे असे समजून आपण तो घोकतो, आणि तेथेच फसतो. इंग्रजीतील ‘दॅट’ हा एकच शब्द एका वाक्यात दर्शक सर्वनाम असतो, दुसऱ्यात संबंधी सर्वनाम होतो, तिसऱ्यात एखाद्या नामामागे उभा राहून विशेषणाचे काम करतो, आणि चौथ्यात ‘की’ या उभयान्वयी अव्ययाची जागा घेतो. शब्द तोच राहतो, वाक्यातील कामगिरी बदलते, आणि कामगिरीवरून प्रकार ठरतो.

सर्वनाम हे नामाचे मुखत्यार होय. मुखत्याराला स्वतःचा हक्क नसतो. तो ज्याच्या वतीने सही करतो त्याच्या हक्काने ती सही उभी राहते, आणि मुखत्यारपत्रात मालकाचे नाव संदिग्ध असेल तर सर्व व्यवहार वादात सापडतो. सर्वनामाचेही तसेच आहे. ऐकणाऱ्याने वा वाचणाऱ्याने ते कोणाच्या वतीने आले आहे हे क्षणात ओळखले पाहिजे. आणि इंग्रजीने सर्वनामांचे जे निरनिराळे प्रकार सांभाळले आहेत, ते ही ओळख पटवण्याच्या निरनिराळ्या रीती आहेत, या दृष्टीने त्यांच्याकडे पाहिले म्हणजे तक्त्यातील रुक्षता पुष्कळशी नाहीशी होते.

मराठी वाचकाला तर या शब्दांकडे परकेपणाने पाहण्याचे कारणच नाही. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एकच असावा, असा विचार मांडला, आणि त्यानंतरच्या शतकात भाषाशास्त्रज्ञांनी जे पुरावे जमवले त्यांत सर्वनामांचा पुरावा अग्रभागी होता. जुन्या इंग्रजीतील ‘दाऊ’ आणि आपला ‘तू’, इंग्रजी ‘दॅट’ आणि संस्कृत ‘तत्’, इंग्रजी ‘हू’ आणि आपला ‘कोण’ हे एकाच कुळातले आहेत. आणि इंग्रज माणूस कर्माच्या जागी ‘मी’ म्हणतो व मराठी माणूस कर्त्याच्या जागी ‘मी’ म्हणतो, तरी दोहोंतील मकार एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. प्राचीन इंग्रजीत संस्कृताप्रमाणे द्विवचनाची सर्वनामेसुद्धा होती: ‘आपण दोघे’ यासाठी ‘विट्’ आणि ‘तुम्ही दोघे’ यासाठी ‘यिट्’. तेराव्या शतकाच्या सुमारास ती लयास गेली, जसे आपल्याकडे संस्कृताचे ‘आवाम्’ आणि ‘युवाम्’ प्राकृतापर्यंत पोहोचताना लुप्त झाले.

पुरुषवाचक सर्वनामांकडे आता जरा निवांतपणे पाहू, कारण इतर प्रकारांची किल्ली त्यांच्यापाशी आहे. इंग्रजी नामांनी आपल्या विभक्ती कधीच टाकून दिल्या आहेत. ‘राजा’, ‘राजाला’, ‘राजाने’ असे रूपांतर इंग्रजी नाम करत नाही. वाक्यातील स्थानावरून कर्ता आणि कर्म ओळखावे लागतात, आणि षष्ठीचा तेवढा एक ‘स’ मागे उरला आहे. सर्वनामांनी मात्र जुने वैभव बरेचसे राखले. कर्त्याच्या जागी ‘आय’, कर्माच्या जागी ‘मी’. कर्त्याच्या जागी ‘ही’, कर्माच्या जागी ‘हिम’. ‘वुई’चे ‘अस’, ‘दे’चे ‘देम’. ज्या मराठी मुलाला प्रथमा, द्वितीया आणि षष्ठी ठाऊक आहेत, त्याला येथे नवे काहीच शिकायचे नाही. त्याला फक्त एवढे सांगावे लागते की, इंग्रजीत शब्दयोगी अव्यय सर्वनामाच्या आधी येते आणि त्याच्यानंतर कर्माचेच रूप हवे. त्यामुळे ‘बिट्वीन यू अँड मी’ शुद्ध, आणि ‘बिट्वीन यू अँड आय’ हा प्रयोग कितीही शिष्ट माणसांच्या तोंडी आढळला तरी व्याकरणाच्या दृष्टीने सदोष. सर्वनामाबरोबर दुसरे एखादे नाव जोडून आले की मन गोंधळते. तेव्हा त्या सोबत्याला क्षणभर बाजूला सारून वाक्य म्हणून पाहावे. ‘गणेश अँड आय वेंट टू सातारा’ यातून गणेशला वगळले तर ‘आय वेंट’ उरते, म्हणून ते बरोबर; ‘द क्लार्क कॉल्ड गणेश अँड आय’ यातून त्याला वगळले तर ‘कॉल्ड आय’ असे विपरीत काही तरी कानावर पडते, आणि चूक आपोआप सापडते.

येथे एक जुना वाद आहे. दारावर थाप पडली, आतून ‘कोण?’ असे विचारले, तर बाहेरच्याने ‘इट इज आय’ म्हणावे की ‘इट इज मी’? अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी, ज्यांत 1762 साली आपले व्याकरण प्रसिद्ध करणारे बिशप रॉबर्ट लाउथ अग्रगण्य होते, लॅटिन व्याकरणाचा कित्ता इंग्रजीपुढे ठेवला, आणि लॅटिनच्या न्यायाने पहिले रूप शुद्ध ठरले. बोलणाऱ्यांनी तो निवाडा मानला नाही. आज ‘इट इज मी’ म्हणणाऱ्याला कोणी अशुद्ध म्हणणार नाही, आणि ते योग्यच आहे. भाषेचे व्याकरण भाषेतून काढावे, शेजारणीच्या घरून आणू नये.

द्वितीय पुरुषाचा इतिहास मराठी माणसाला विशेष जवळचा वाटेल. आजच्या इंग्रजीत ‘यू’ हा एकच शब्द लहानाला, थोराला, एकाला आणि अनेकांना चालतो, म्हणून इंग्रजीत आदरार्थी संबोधन नाही अशी आपली समजूत असते. पूर्वी तसे नव्हते. एकवचनी ‘दाऊ’ आणि अनेकवचनी ‘यी’ अशी दोन रूपे होती, ‘यू’ हे त्या अनेकवचनाचे कर्मरूप होते, आणि तेराव्या शतकापासून फ्रेंच दरबारी रीतीच्या अनुकरणाने थोरामोठ्यांना अनेकवचनाने संबोधण्याचा परिपाठ पडला. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचेच ते नाते. 1603 साली सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारपक्षाचे वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात एकेरीवर आले आणि ‘दाऊ’ म्हणून त्यांनी रॅले यांचा पाणउतारा केला, ही गोष्ट इंग्रजी इतिहासात नमूद आहे. उलट त्याच शतकात क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी, ईश्वरापुढे सर्व समान असल्याने उमरावालाही ‘दाऊ’च म्हणावे, असा आग्रह धरला, आणि त्यांच्या अनुयायांनी त्या अरे-तुरेपायी मार आणि तुरुंगवास सोसला. पुढे समाजाने तंटा निराळ्या रीतीने मिटवला: कोणालाच एकेरी नको म्हणून सगळ्यांनाच अहो-जाहो झाले, ‘दाऊ’ प्रार्थनेत व काव्यात उरला, आणि ‘यू’ने सगळे क्षेत्र व्यापले. म्हणजे आज इंग्रज आपल्या नोकराला, मुलाला आणि कुत्र्याला जो शब्द वापरतो तो मूळचा ‘तू’ नसून ‘तुम्ही’ आहे.

तृतीय पुरुषात मराठी विद्यार्थ्याची अडचण लिंगाची. आपल्याकडे भिंत ‘ती’, दगड ‘तो’, घर ‘ते’. निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि ते पाठ करण्यावाचून उपाय नसतो. प्राचीन इंग्रजीतही असेच होते, आणि तेथे तर ‘बायको’ या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी होता. आजची इंग्रजी केवळ सृष्टीतील लिंग पाहते: पुरुषाला ‘ही’, स्त्रीला ‘शी’, बाकी सर्वांना ‘इट’. जहाजाला ‘शी’ म्हणण्याची खलाशांची जुनी प्रथा होती, पण लंडनच्या ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजव्यवहाराच्या जुन्या वृत्तपत्राने 2002 साली जहाजाला ‘इट’ म्हणण्याचे ठरवले. आपल्याकडील सुसंस्कृत मनाला आणखी एक गोष्ट खटकते. वडिलांविषयी बोलताना आपण ‘ते आले’ असे म्हणतो. इंग्रजीत त्यांनाही ‘ही’ आणि गड्यालाही ‘ही’. तेथे आदर सर्वनामात राहत नाही, तो वाक्याच्या इतर भागांकडे सोपवलेला असतो, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे मन शंकत नाही.

‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही रूपे मात्र इंग्रजीच्या घरची नव्हेत. नवव्या शतकात उत्तर व पूर्व इंग्लंडात येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांनी ती आणली, आणि हळूहळू दक्षिणेकडे सरकत त्यांनी तेथील मूळ रूपांना हुसकावून लावले. चौदाव्या शतकातील कवी चॉसर कर्त्यासाठी ‘दे’ वापरतो, परंतु कर्मासाठी अजून ‘हेम’ या जुन्या रूपालाच धरून असतो. एका भाषेने दुसरीचे सर्वनाम घ्यावे ही घटना विरळा. मराठीने फारसी-अरबीतून वकील, कागद, हुकूम, जमीन असे शब्द मुबलक घेतले, तरी ‘मी’, ‘तू’, ‘तो’ यांना धक्का लागला नाही; ‘खुद्द’ आणि ‘फलाणा’ एवढे दोन तेवढे सर्वनामांच्या पंगतीला येऊन बसले.

प्रथम पुरुषाच्या अनेकवचनात मराठी इंग्रजीपेक्षा सरस आहे, हे सांगताना मला खरा अभिमान वाटतो. ‘वुई आर गोइंग टू पंढरपूर’ या वाक्यात ऐकणारा समाविष्ट आहे की नाही, हे इंग्रजीला सांगता येत नाही. मराठीत ‘आम्ही पंढरपूरला चाललो’ म्हटले तर तुम्ही घरी राहायचे, आणि ‘आपण पंढरपूरला चाललो’ म्हटले तर तुम्हीही पिशवी भरायला घ्यायची. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे, आणि द्राविड भाषांच्या शेजारामुळे तो मराठीत रुजला असावा असे अभ्यासक मानतात. इंग्रजीत अनुवाद करणाऱ्याला म्हणूनच कधी कधी ‘वुई’बरोबर ‘ऑल ऑफ अस’ किंवा ‘यू टू’ असे काही जोडून मराठीचा आशय भरून काढावा लागतो.

मराठीत कर्ता गाळता येतो. ‘जेवलास का?’, ‘आलो’, ‘दहा वाजले’, ही वाक्ये कर्त्याच्या सर्वनामाविना पूर्ण आहेत, कारण क्रियापदाच्या प्रत्ययातून किंवा प्रसंगावरून सारे कळते. इंग्रजी क्रियापदाचे प्रत्यय झडून गेल्यामुळे तेथे कर्त्याची जागा मोकळी ठेवता येत नाही. आणि जेथे खरोखर कोणीही कर्ता नसतो तेथेही ‘इट’ला आणून बसवावे लागते. ‘इट इज रेनिंग’ यातील ‘इट’ म्हणजे काय, पाऊस की ढग की आकाश, असा प्रश्न चौकस मुले विचारतात, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘काही नाही’ हेच आहे. नामाविना मुखत्यारी करणारे हे एकमेव सर्वनाम केवळ वाक्याचा आकार राखण्यासाठी येते, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत ते हमखास गळते.

स्वामित्वदर्शक सर्वनामांत ‘माय’ आणि ‘माइन’ यांचा भेद सोपा आहे: पहिल्याला पुढे नाम लागते, दुसरे एकटे उभे राहते. खरा घोटाळा अपॉस्ट्रॉफीच्या चिन्हाचा. नामाची षष्ठी करताना ते चिन्ह येते, म्हणून सर्वनामालाही ते लावण्याचा मोह होतो, आणि अर्जाच्या शेवटी ‘युअर्स फेथफुली’ लिहिताना कित्येक सुशिक्षित मंडळी ते चिन्ह घालतात. ‘हिज’ला ते कोणी लावत नाही, त्याच न्यायाने ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’, ‘देअर्स’ आणि ‘इट्स’ यांनाही ते नको. चिन्हासह ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ अथवा ‘इट हॅज’. या ‘इट्स’चे वयही फार नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजीत वस्तूच्या मालकीलाही ‘हिज’ म्हणत असत, आणि 1611 सालच्या सुप्रसिद्ध बायबल-भाषांतराच्या मूळ आवृत्तीत ‘इट्स’ हा शब्द आढळत नाही.

स्वामित्वाच्या बाबतीत इंग्रजीची एक उणीव व्यवहारात फार नडते. ‘राम गेव्ह श्याम हिज बुक’ हे वाक्य घ्या. पुस्तक रामाचे की श्यामचे? व्याकरण याचे उत्तर देत नाही. मराठीत ‘रामाने श्यामला आपले पुस्तक दिले’ आणि ‘रामाने श्यामला त्याचे पुस्तक दिले’ ही दोन वाक्ये निरनिराळी आहेत. ‘आपले’ हा शब्द कर्त्याकडेच वळतो, आणि ‘त्याचे’ म्हटले की मन दुसऱ्याकडे जाते. हे सौकर्य आपल्याला संस्कृतापासून वारशाने मिळालेले आहे. इंग्रजी लिहिताना ते हाताशी नसते, म्हणून एक तर ‘हिज ओन’ असे स्पष्ट करावे, नाही तर सरळ नाव पुन्हा लिहावे. आपल्या जुन्या दस्तऐवजांच्या लेखकांनी ही गोष्ट पुरी ओळखली होती. खरेदीखतात आरंभी पक्षकारांची नावे एकदा नमूद केली, की पुढे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हेच शब्द दर ओळीत येतात, मिळकतीला ‘सदरहू मिळकत’, गावाला ‘मौजे मजकूर’. ‘तो’ आणि ‘त्याचा’ यांना तेथे शक्यतो थारा नाही. वाचताना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, परंतु चाळीस वर्षांनी नातवंडे दिवाणी न्यायालयात उभी राहतात तेव्हा तिचे मोल कळते. इंग्रजी दस्तांतील ‘व्हेंडर’, ‘पर्चेसर’ आणि ‘द सेड प्रॉपर्टी’ यांमागे हीच सावधगिरी आहे.

आत्मवाचक सर्वनामे ‘सेल्फ’ आणि ‘सेल्व्ज’ जोडून होतात. त्यांची दोन कामे निरनिराळी ओळखली पाहिजेत. ‘शी कट हरसेल्फ’ म्हणजे तिने स्वतःला कापून घेतले, येथे क्रिया फिरून कर्त्यावरच येते. ‘शी हरसेल्फ कट द व्हेजिटेबल्स’ म्हणजे भाजी तिनेच चिरली, येथे ‘हरसेल्फ’ केवळ जोर देते, आणि ते काढून टाकले तरी वाक्य उभे राहते. आपला ‘खुद्द’ हा दुसऱ्या कामाचा. ‘खुद्द कलेक्टरसाहेब आले’ याचे इंग्रजी ‘द कलेक्टर हिमसेल्फ केम’ असेच होईल. स्वतःची ओळख करून देताना ‘मायसेल्फ’ने आरंभ करण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. तिच्यामागे नम्रपणाची भावना असते, पण ‘मायसेल्फ’ला वाक्याचे कर्तेपण पेलत नाही, ‘आय ॲम’ किंवा ‘माय नेम इज’ एवढे पुरे. तसेच ‘अव्हेल’ आणि ‘ॲब्सेंट’ ही क्रियापदे आत्मवाचक सर्वनामाची अपेक्षा करतात. रजेचा लाभ घेणारा कारकून प्रमाण इंग्रजीत ‘अव्हेल्स हिमसेल्फ ऑफ लीव्ह’, जरी आपल्या परिपत्रकांतून ते ‘हिमसेल्फ’ बहुतेक नाहीसे झाले आहे.

या प्रकाराचे सर्वांत उदात्त उदाहरण आपल्या देशाच्या राज्यघटनेत आहे. 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेने ती अंगीकृत केली. तिच्या उद्देशिकेचा इंग्रजीतील पहिला शब्द ‘वुई’ हे पुरुषवाचक सर्वनाम, आणि ‘ही घटना’ या अखेरच्या शब्दांच्या अगदी आधी ‘अवरसेल्व्ज’ हे आत्मवाचक सर्वनाम येते. अधिकृत मराठी पाठात पहिल्याच्या जागी ‘आम्ही’ आणि दुसऱ्याच्या जागी ‘स्वतःप्रत’. मधला सगळा मजकूर, न्याय, स्वातंत्र्य, समानता आणि बंधुता यांसह, या दोन सर्वनामांच्या दरम्यान मांडलेला आहे. देणारे लोक आणि घेणारेही तेच लोक. कोणा राजाने दिलेली ती सनद नव्हे, कोणा परकीय पार्लमेंटने केलेला तो कायदा नव्हे, हा सारा अर्थ एका आत्मवाचक सर्वनामाने वाहिला आहे. आत्मवाचक सर्वनाम शिकवताना शिक्षकाने आरशात पाहणाऱ्या मुलाचे वाक्य अवश्य द्यावे, परंतु उद्देशिकाही उघडून दाखवावी.

दर्शक सर्वनामांविषयी थोडक्यात सांगता येईल. जवळच्याला ‘दिस’ व ‘दीज’, दूरच्याला ‘दॅट’ व ‘दोज’. पुढे नाम आले की तीच विशेषणे. मराठीत ‘तो’ हाच शब्द दूरचेही दाखवतो आणि तृतीय पुरुषाचेही काम करतो, इंग्रजीत ही दोन खाती अलग आहेत, एवढे ध्यानात असले म्हणजे झाले.

प्रश्नार्थक सर्वनामांत ‘हू’ माणसासाठी, ‘व्हॉट’ बहुशः वस्तूसाठी, आणि ‘विच’ ठरावीक समूहातून निवड करायची असेल तेव्हा, मग ती माणसांतून असो वा वस्तूंतून. आपल्या ‘कोणता’चे ते काम. ‘हू इज ही?’ असे विचारले तर उत्तरात नाव किंवा नाते सांगावे, आणि ‘व्हॉट इज ही?’ असे विचारले तर धंदा. ‘हूम’ हे कर्मरूप बोलण्यातून मागे पडत चालले आहे, तथापि शब्दयोगी अव्ययाच्या लगेच नंतर ते अजून आपली जागा राखून आहे, आणि लिहिताना तेथे त्याला डावलू नये.

संबंधी सर्वनाम हा सर्वांत कठीण प्रकार, आणि मराठी मनाची गोची येथे सर्वाधिक होते. आपली रचना जोडीची आहे: ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ.’ ‘जो’ आला की ‘तो’ आलाच पाहिजे. इंग्रजीत नाम आधी येते, ‘हू’ त्याला लगटून बसतो, आणि पुढे ‘तो’ची अपेक्षा नसते. तरीही मनातली जोडी कागदावर उतरते, आणि ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर’ असे वाक्य तयार होते. त्यातील ‘ही’ हा मराठीतील ‘तो’ आहे. हे मुलांना दाखवून दिले म्हणजे ती दुरुस्ती त्यांना जन्मभर पुरते. उलट ‘द बुक आय बॉट’ यासारखी रचना, जिच्यात संबंधी सर्वनाम मुळी गाळलेलेच असते, आपल्याला ‘मी घेतलेले पुस्तक’ या धातुसाधितामुळे सहज समजते.

येथे स्वल्पविरामाचा प्रताप पाहण्याजोगा आहे. समजा एखाद्या गृहस्थाने इंग्रजीत मृत्युपत्र केले आणि त्यात पुण्यात राहणाऱ्या पुतण्यांना घर दिले. ‘माय नेफ्यूज हू लिव्ह इन पुणे’ असे सलग लिहिले, तर जे पुतणे पुण्यात राहतात त्यांनाच घर, नागपूरचे आणि इंदूरचे वगळले. ‘माय नेफ्यूज’नंतर स्वल्पविराम आणि ‘पुणे’नंतर दुसरा स्वल्पविराम दिला, तर सगळे पुतणे मालक झाले, आणि ते पुण्यात राहतात ही केवळ जाता जाता दिलेली माहिती ठरली. पहिल्या रचनेत संबंधी सर्वनाम नामाला मर्यादा घालते, दुसरीत ते नामाविषयी अधिक काही सांगते. फाउलर बंधूंनी 1906 सालच्या ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये, आणि त्यांपैकी हेन्री फाउलर यांनी पुढे 1926 सालच्या आपल्या शब्दप्रयोगकोशात, मर्यादा घालण्यासाठी ‘दॅट’ आणि माहितीची भर घालण्यासाठी ‘विच’ अशी विभागणी सुचवली. चांगले लेखक ती नेहमीच पाळतात असे नाही. स्वल्पविरामाचा नियम मात्र सर्वांनी पाळलाच पाहिजे. दस्तात तर विरामचिन्हावर विसंबण्यापेक्षा पुतण्यांची नावेच लिहिणे शहाणपणाचे.

अनिश्चित सर्वनामे, म्हणजे ‘समबडी’, ‘एव्हरीवन’, ‘एनीवन’ इत्यादी, दिसायला निरुपद्रवी आहेत, परंतु त्यांच्यामागोमाग येणाऱ्या सर्वनामाने शेकडो वर्षे वाद माजवला आहे. ‘एव्हरीवन’ हे एकवचनी. त्याला क्रियापद एकवचनी लागते. मग ‘प्रत्येकाने आपले पुस्तक आणावे’ याचे इंग्रजी करताना पुढे ‘हिज बुक’ म्हणावे की ‘देअर बुक’? ‘देअर’ असे एकवचनी अर्थाने म्हणण्याची रीत चौदाव्या शतकापासून आहे, आणि जेन ऑस्टिनसारख्या थोर लेखिकेनेही ती अवलंबिली. व्याकरणकारांनी मात्र अठराव्या शतकापासून ‘हिज’चा पुरस्कार केला, आणि विधिमंडळाने त्यावर मोहोर उठवली. 1850 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांची भाषा आटोपशीर करण्यासाठी एक अधिनियम केला, त्यात पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा अशी तरतूद होती. मेकॉले यांच्या मसुद्यावरून तयार झालेल्या 1860 सालच्या भारतीय दंड संहितेचे आठवे कलम तर एका सर्वनामाचाच अर्थ सांगण्यासाठी खर्ची पडले होते: ‘ही’ आणि त्याची रूपे पुरुष वा स्त्री, कोणाही व्यक्तीस लागू. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाने तेराव्या कलमात तोच न्याय सर्वसाधारण केला.

कागदावरची ही व्यापकता प्रत्यक्षात कितपत टिकली? 1916 साली रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर महिलेने वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया येतात ही तरतूद हाताशी असूनही कलकत्ता उच्च न्यायालयाने स्त्रीला वकिली करता येणार नाही असा निर्णय दिला. 1921 साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्याही पदरी नकारच आला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना सनद दिली, आणि 1923 साली स्वतंत्र कायदा करून केवळ स्त्रीत्वाच्या कारणावरून कोणाला वकिलीस अपात्र ठरवू नये असे स्पष्ट करावे लागले. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करताना ‘ही’मध्ये स्त्री मोडत होती, आणि वकिलाचा झगा चढवायची वेळ आली तेव्हा ती त्यात मोडेनाशी झाली, हा अन्यायच होता, आणि सर्वनामाच्या अर्थाचा प्रश्न केवळ व्याकरणाचा नसतो याची ही इतिहासातील साक्ष आहे. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ‘ही’ या सर्वनामाची व्याख्या पुन्हा दिलेली आहे, आणि तिच्यात आता पुरुष व स्त्री यांच्याबरोबर तृतीयपंथी व्यक्तीचाही उल्लेख आहे. सामान्य लेखनात मात्र ‘एव्हरीवन’मागून ‘देअर’ लिहिण्यास मी कोणालाही मना करणार नाही. त्या प्रयोगाला सहाशे वर्षांचा आधार आहे.

उरले विभागवाचक आणि परस्परवाचक. ‘ईच’, ‘आयदर’, ‘नायदर’ ही एकेकाला वेगळे काढून पाहतात, म्हणून मधे ‘ऑफ द बॉइज’ असे अनेकवचन आले तरी ‘ईच’चे क्रियापद एकवचनीच राहते, ‘आयदर’ आणि ‘नायदर’ दोघांपुरती, तिघांपासून पुढे ‘एनी’ आणि ‘नन’. दोघांत ‘ईच अदर’ आणि अनेकांत ‘वन अनदर’ हा नियम शाळेत शिकवतात, परंतु नामवंत इंग्रजी लेखकांनी तो फारसा मनावर घेतलेला नाही, आणि त्यापायी परीक्षकाने गुण कापू नयेत.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, या प्रकरणाचा आरंभ इंग्रजी तक्त्याने करू नये. फळ्यावर आधी ‘आम्ही’ आणि ‘आपण’, ‘आपले’ आणि ‘त्याचे’, ‘जो’ आणि ‘तो’ ही मराठी वाक्ये लिहावीत, आणि मग त्यांतील कोणता भेद इंग्रजीत आहे व कोणता नाही हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. आणि ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षे झाली आहेत अशा वाचकांनी आपण लिहिलेले एखादे इंग्रजी पत्र वा अर्ज समोर घ्यावा, त्यातील प्रत्येक सर्वनामाखाली रेघ ओढावी, आणि ते ज्याच्या वतीने आले त्या नामाचा उल्लेख समासात करावा. जेथे दोन नामे सुचतील, तेथे सर्वनाम खोडून नामच लिहावे.